प्रतिकृतीचा डबा : मोजमापापासून संचापर्यंत

ग्वाल्हेरच्या जयविलास प्रासादातील भोजनगृहात लांबलचक मेजावर चांदीची एक लहानशी आगगाडी ठेवलेली आहे. पाहुण्यांच्या पंक्तीसमोरून ती पेयांच्या सुरया वाहून नेत असे आणि कोणी सुरई उचलली की जागच्या जागी थांबत असे. बाहेरगावचा प्रवासी ती पाहून थक्क होतो. आपल्या शहरात आणखी एक लहान आगगाडी होती. तिला चांदीचा स्पर्श नव्हता. ती दूधवाले, विद्यार्थी, शेतकरी आणि बाजारहाट करणाऱ्या बाया यांना घेऊन रोज घोसीपुऱ्याच्या घरांना जवळजवळ खेटून जात असे. प्रस्तुत लेख त्या दुसऱ्या गाडीविषयी, आणि तिचा डबा आम्ही शाळेत कसा करू लागलो त्याविषयी आहे.

ही दुसरी गाडी म्हणजे पूर्वीची ग्वाल्हेर लाइट रेल्वे. माधवराव शिंदे (१८७६–१९२५) यांच्या कारकिर्दीत ती बांधली गेली. तिच्या दोन रुळांमधील अंतर अवघे दोन फूट, म्हणजे सुमारे ६१० मि.मी. होते. १८९९ पर्यंत तिचे रूळ भिंड व शिवपुरीपर्यंत पोहोचले आणि १९०९ साली श्योपुरपर्यंतचा मार्ग पुरा झाला. ग्वाल्हेर ते श्योपुर हे अंतर सुमारे १९९ कि.मी. भरे; दोन फुटी मापाच्या जगातील सर्वांत लांब मार्गांत त्याची गणना होत असे. १९५१ साली ही रेल्वे मध्य रेल्वेत विलीन झाली. अलीकडच्या काळात एवढे अंतर कापण्यास गाडीला दहा-अकरा तास लागत. लोक तिला प्रेमाने ‘छोटी लाइन’ म्हणत.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदीमुळे ती थांबली, ती पुन्हा सुरू झाली नाही. त्या मार्गावर रुंद मापाचे रूळ घालण्याचे काम हाती घेतले गेले असून काही भागावर मोठ्या गाड्या धावूही लागल्या आहेत. प्रवाशांची त्यात सोय आहे आणि तिच्याबद्दल कुरकुर करणे योग्य होणार नाही. तथापि आज सहावीत शिकणाऱ्या मुलाला छोट्या लाइनच्या डब्यात बसल्याचे क्वचितच आठवत असेल. त्याच्या आजोबांना मात्र त्या डब्याचा आवाजसुद्धा आठवतो. एकाच घरातील दोन पिढ्यांमध्ये पडलेले हे अंतर पुठ्ठा, सरस आणि मोजपट्टी घेऊन थोडेफार भरून काढता येईल काय, हा प्रश्न आमच्यापुढे होता.

आम्ही कोंकणी मातृभाषेचे, आणि कला शाखेचे पदवीधर. यंत्रशास्त्राशी आमचा संबंध एवढाच, की लहानपणी काड्यापेट्यांचे डबे करून त्यांना माडाच्या हिरांचे आस लावीत असू. आमची आजी त्या खेळण्याला ‘ल्हानशी गाडी’ म्हणे. लष्करात आल्यावर ‘छोटी लाइन’ हे नाव प्रथम कानी पडले तेव्हा आम्हांस तीच गाडी आठवली. हे सांगण्याचे कारण, पुढे जे लिहिले आहे ते कोणा तज्ज्ञाचे नसून चुका करीत शिकलेल्या शिक्षकाचे आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

खेळणे, प्रतिकृती आणि संच

विद्यार्थिमित्रहो, प्रथम तीन शब्दांचे अर्थ पक्के करू. खेळण्यातली गाडी गाडीसारखी दिसली म्हणजे पुरे. तिची चाके मोठी, खिडक्या चार आणि रंग भडक असला तरी बालकाची तक्रार नसते. प्रतिकृतीत मात्र प्रत्येक माप मूळ वस्तूच्या मापाशी एकाच प्रमाणात बांधलेले असते. तिसरा प्रकार म्हणजे संच. प्रतिकृतीचे सर्व भाग कापून, क्रमांक घालून, कृतिपत्रासह एका पाकिटात ठेवले की संच झाला. तो विकत घेणारा मनुष्य आपल्या घरी, आपल्या हातांनी डबा जोडतो.

हा छंद जगभर रुजलेला आहे. आपल्याकडे पुण्यात कोथरूड भागात भाऊ जोशी यांनी लहान रेल्वेचे एक संपूर्ण नगर वसविले. त्यांचे हे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी लोकांसाठी खुले झाले. पूल, सिग्नल, रस्त्यावरचे दिवे आणि त्यांमधून वेळेवर धावणाऱ्या गाड्या पाहून थोरामोठ्यांचीही पावले तेथे खिळतात. अमेरिकेत ‘लाबेल’ या नावाचे लाकडी प्रवासी डब्यांचे संच हौशी मंडळींत सुप्रसिद्ध आहेत.

येथे एक प्रश्न सहज उद्भवतो. मोठे कारखाने तयार गाड्या विकत असताना हौशी माणसे आपल्या घरी डब्यांचे संच का करतात? याचे उत्तर साच्यात आहे. कारखान्यात वितळलेले प्लॅस्टिक पोलादी साच्यात दाबून डबे काढतात. असा साचा करण्यास फार खर्च येतो व हजारो डबे खपले तरच तो वसूल होतो. प्रसिद्ध इंजिनांना हजारो गिऱ्हाईके मिळतात; पण एखाद्या आडमार्गावरच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्याला जगात पन्नास चाहते मिळाले तरी पुष्कळ झाले. त्या पन्नासांसाठी कारखाना चालत नाही. अशा वेळी कोणी हौशी गृहस्थ पुठ्ठा, लाकूड वा पितळी पत्रा घेऊन बसतो, पंचवीस-पन्नास संच करतो आणि तेवढ्यांवर थांबतो. ज्या गाडीकडे मोठ्या बाजाराचे लक्ष जात नाही ती अशा माणसांमुळे टिकते. आपली छोटी लाइन याच वर्गातली होय.

प्रमाण कसे निवडावे

प्रतिकृतींच्या जगात सर्वांत प्रचलित प्रमाण १ : ८७ हे आहे. मूळ वस्तूच्या एका फुटाला प्रतिकृतीत साडेतीन मि.मी. धरले की हे प्रमाण येते. मद्रासजवळ पेरांबूर येथे १९५५ साली सुरू झालेल्या सवारी डब्यांच्या कारखान्यातील आपल्या परिचयाचा निळा डबा सुमारे २१.३ मीटर लांबीचा असे. त्यास ८७ने भागले तर प्रतिकृतीची लांबी २४५ मि.मी. येते, म्हणजे नेहमीच्या फूटपट्टीपेक्षा थोडी कमी.

परंतु लगेच एक अडचण येते. या प्रमाणाचे तयार रूळ १६.५ मि.मी. अंतराचे मिळतात. १६.५ला ८७ने गुणले तर सुमारे १४३५ मि.मी. येतात, युरोप व अमेरिकेतील रुळांचे माप हेच आहे. आपले रुंद माप १६७६ मि.मी. असल्याने त्यास १९.३ मि.मी.चे रूळ हवेत. तसे तयार रूळ सहसा मिळत नसल्यामुळे आपल्याकडील हौशी मंडळी भारतीय डबे परदेशी मापाच्या रुळांवर चालवितात व पावणेतीन मि.मी.ची तफावत मुकाट्याने सोसतात.

छोट्या लाइनसाठी आम्ही उलट दिशेने विचार केला. तयार रूळ १६.५ मि.मी.चे मिळतात, तर मग आपले दोन फूट त्यावर कसे बसवावेत? एका फुटास ८ मि.मी. धरले तर दोन फुटांस १६ मि.मी. झाले. तफावत उरली अर्धा मि.मी.! एक फूट म्हणजे ३०४.८ मि.मी.; त्यास ८ने भागले की प्रमाण १ : ३८.१ येते. हे प्रमाण प्रचलित नाही, सबब त्या मापाची तयार माणसे, दिवे वा बाके बाजारात मिळणार नाहीत, ती स्वतःच करावी लागतील, हा त्याचा तोटा आहे. परंतु विद्यार्थ्याला हिशेब सोपा पडतो: फूट म्हणजे आठ, अर्धा फूट म्हणजे चार, तीन इंच म्हणजे दोन. साडेपाच फुटांचा प्रवासी ४४ मि.मी. उंचीचा होतो. प्रमाण निवडताना काय मिळते आणि काय सोडावे लागते, याची दोन रकान्यांची यादी आधी करावी, हा आमचा अनुभव आहे.

नसलेला डबा कसा मोजावा

डबा समोर उभा असता तर फीत लावून तो मोजता आला असता. आमच्यापाशी होती ती पालकांच्या घरांतील जुनी छायाचित्रे. कोणी लग्नाला निघालेले, कोणी सबलगढच्या फलाटावर उभे राहिलेले. छायाचित्रात फूटपट्टी नसते. पण छोट्या लाइनच्या छायाचित्रात एक माप हमखास सापडते, आणि ते म्हणजे रुळांमधील अंतर. ते ६१० मि.मी. असते.

समजा, डब्याच्या शेवटच्या टोकाचे, बरोबर समोरून काढलेले छायाचित्र आपल्यापाशी आहे. त्यात रुळांच्या आतल्या कडांमधील अंतर ३०.५ मि.मी. भरले, तर छायाचित्रातील १ मि.मी. म्हणजे प्रत्यक्षातील २० मि.मी. झाले. आता त्याच छायाचित्रात डब्याची रुंदी ९१.५ मि.मी. भरली, तर प्रत्यक्ष रुंदी १८३० मि.मी., म्हणजे जवळजवळ सहा फूट. प्रतिकृतीत ती आठ सक ४८ मि.मी. होईल.

एक दक्षता येथे घ्यावी लागते. जवळचे मोठे व दूरचे लहान दिसते, हा दृष्टीचा नियम कॅमेऱ्यालाही सुटलेला नाही. म्हणून रुळांमधील अंतर डब्याच्या टोकाच्या थेट खालीच मोजावे. दोन हात पुढे मोजले तर सर्व गणित चुकेल. त्याच कारणास्तव तिरक्या छायाचित्रावरून लांबी काढू नये. लांबीसाठी बाजूचे चित्र घ्यावे, खिडक्या मोजाव्यात आणि एका खिडकीच्या रुंदीवरून हळूहळू पुढे जावे. शक्य तेथे दोन निरनिराळ्या छायाचित्रांवरून एकच माप काढावे. दोन्ही उत्तरे जुळली तर त्यावर विश्वास ठेवावा. न जुळल्यास तिसरे शोधावे. इतिहासाच्या तासाला साधनांची पारख म्हणून जे शिकवितात ते याहून फारसे निराळे नाही.

सामान व भाग

डब्याचे मुख्य भाग असे: तळ, दोन बाजू, दोन टोके, छप्पर, आतील बाके, दोन बोग्या, चाके व आस, आणि दोन्ही टोकांचे आकडे. येथे एका शब्दाची उकल करू. आपण बोलताना संपूर्ण डब्यालाच ‘बोगी’ म्हणतो. वास्तविक डब्याखाली चाके, आस व स्प्रिंगा ज्या चौकटीत बसवितात ती चौकट म्हणजे बोगी. ती डब्याखाली थोडी वळू शकते, त्यामुळे लांब डबाही वळणावरून सुखाने जातो. स्प्रिंगांचे नाव निघाले म्हणून सांगतो, की भारतीय रेल्वेच्या डब्यांना लागणाऱ्या स्प्रिंगा आपल्या शहराजवळ सिथौली येथील रेल स्प्रिंग कारखान्यात तयार होतात. लहान वस्तूचा अभ्यास करताना मोठ्या वस्तूंच्या वाटा अशा सापडत जातात.

बाजूंसाठी दोन थरांचा पुठ्ठा घ्यावा. आतल्या थरात खिडकी मापाची कापावी व बाहेरच्या थरात ती सर्व बाजूंनी किंचित मोठी कापावी. मग खिडकीची चौकट आपोआप उठून दिसते. गजांसाठी ताणून बसविलेला जाड दोरा चालतो. चाके व आस मात्र विकतच घ्यावेत. चाक जरासे वाकडे असले तरी डबा रूळ सोडतो, आणि अचूक गोल चाक हाताने करणे शाळेत शक्य नाही.

पुठ्ठ्याला लाकडाप्रमाणेच तंतूंची दिशा असते. एक तुकडा घेऊन प्रथम लांबीच्या व मग रुंदीच्या बाजूने हलकेच वाकवून पाहा. एका दिशेने तो निमूट वळेल, दुसऱ्या दिशेने हट्ट करील. छपराला गोलाई रुंदीवर असते, म्हणून तंतू डब्याच्या लांबीला धरून असावेत. तसे नसल्यास छपराला चुण्या पडतात. तसेच पुठ्ठ्याला लाखेचे रोगण देताना ते दोन्ही अंगांना द्यावे. एकाच अंगाला दिले तर उघडे अंग पावसाळ्यात हवेतील ओल पिऊन फुगते आणि सरळ बाजू कमानीसारखी वाकते. ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात केलेला डबा श्रावणात कसा दिसतो हे पाहिल्याखेरीज तो चांगला झाला असे म्हणू नये.

आमची चूक

पहिला डबा आम्ही स्वतः केला व तो बरा उतरला. उत्साहाच्या भरात त्याच मापांनी बारा पाकिटे तयार केली आणि एका शनिवारी शाळा सुटल्यावर आठवीच्या बारा विद्यार्थ्यांना वाटली. अर्ध्या तासातच वर्गात कुजबुज सुरू झाली. एकाही डब्याला छप्पर बसेना. प्रत्येक डबा तीन मि.मी.ने रुंद झाला होता.

आम्ही कृतिपत्र पुनःपुन्हा वाचले, दोष सापडेना. शेवटी मागच्या बाकावरील एक मुलगी उभी राहून म्हणाली, “सर, पुठ्ठ्याची जाडी कोणी धरलीच नाही.”

तिचे म्हणणे अक्षरशः खरे होते. डब्याची बाहेरची रुंदी ४८ मि.मी. हवी होती. टोके दोन बाजूंच्या मध्ये बसतात. बाजूचा पुठ्ठा दीड मि.मी. जाडीचा असेल, तर टोकाची रुंदी ४८ वजा ३, म्हणजे ४५ मि.मी. हवी. आम्ही ती ४८च ठेवली होती. म्हणून डबा ५१ मि.मी.चा झाला. कागदावरील रेघेला जाडी नसते आणि आम्ही कागदावरच गणित केले होते.

मग आमचा स्वतःचा डबा कसा जमला? याचा विचार करता आमच्या लक्षात आले, की जोडताना टोक घट्ट वाटले तेव्हा आम्ही सुरीने ते थोडे तासले होते, आणि तासले हे विसरूनही गेलो होतो. जो एकच वस्तू स्वतःसाठी करतो त्याचा हात त्याच्या चुका न बोलता दुरुस्त करीत असतो. संच दुसऱ्याच्या घरी जातो. तेथे आमचा हात पोहोचत नाही. तेथे जी काय मदत व्हायची ती कापलेल्या भागांनी आणि चार ओळींच्या कृतिपत्राने. शिकविण्याच्या धंद्यात काही वर्षे काढूनही हे आम्हांस त्या शनिवारी प्रथम नीट कळले. वर्गात आपण फळ्यापाशी उभे असतो तोवर आपल्या स्पष्टीकरणातील भोके आपणच हातवाऱ्यांनी बुजवीत असतो. विद्यार्थी घरी एकटा पुस्तक उघडून बसतो तेव्हा ती भोके त्याच्या वाट्याला येतात.

त्यानंतर आम्ही एक नियम केला. नवा संच तयार झाला की तो पूर्वी न पाहिलेल्या एका विद्यार्थ्याला द्यावयाचा व आपण शेजारी वही घेऊन गप्प बसावयाचे. तो कितीही अडला तरी बोलावयाचे नाही; तो कोठे थांबला, काय उलटे धरले, कोणते वाक्य दोनदा वाचले, एवढेच टिपून घ्यावयाचे. या परीक्षेत सातवीतील एका मुलाने ‘डावी बाजू’ हे शब्द वाचून विचारले, “डावी म्हणजे डब्यात बसलेल्याची की बाहेरून बघणाऱ्याची?” उत्तर देण्यास आम्हांस मनाई होती! तेव्हापासून आमच्या संचात डावे-उजवे हे शब्द नाहीत. प्रत्येक भागावर क्रमांक असतो आणि तळावर एका टोकाकडे बाण असतो. अशा चार परीक्षांनंतर कृतिपत्र दोन पानांवरून एका पानावर आले व अधिक स्पष्ट झाले.

थोडा हिशेब

छंदालाही हिशेब लागतो. संचाच्या खर्चाचे दोन प्रकार करावेत. आराखडा, नमुना व कापण्याचे पत्रे यांवरचा खर्च एकदाच होतो, मग संच एक करा की शंभर. पुठ्ठा, चाके व पाकीट यांचा खर्च प्रत्येक संचामागे नव्याने होतो. उदाहरणार्थ, एकदाच होणारा खर्च १,२०० रुपये व प्रत्येक संचामागचा खर्च ९० रुपये धरू. बारा संच केले तर प्रत्येकास १०० अधिक ९० म्हणजे १९० रुपये पडतात. चोवीस केले तर १४०, आणि एकशे वीस केले तर अवघे १००. यावरून वाटेल, की एकशे वीसच करावेत. पण वीसच खपले तर उरलेले शंभर संच कपाटात वाळवीची वाट पाहतील. म्हणून घरगुती उत्पादक आधी मागणी नोंदवून घेतात, तेवढेच संच करतात व थांबतात.

साधनेही आता पालटली आहेत. लेसरच्या किरणाने पुठ्ठा व पातळ लाकूड अतिशय सुबक कापता येते. त्रिमितीय छपाईने बोगीसारखे नाजूक भाग थर चढवून तयार होतात. एक नमुना नीट घडविला की रबरी साच्यात राळ ओतून त्याच्या प्रती काढता येतात. शहरातील कापणाऱ्या दुकानात फाइल दिली की काम होते. मात्र किरण जेथून जातो तेथील पुठ्ठा केसाएवढा जळून जातो. तेवढे माप आधी वाढवावे लागते. यंत्र नवे असले तरी जाडीचा जुना धडा सुटत नाही.

छपरावरची माणसे

स्नेहसंमेलनात आम्ही चार डबे मांडले होते. एका विद्यार्थ्याचे आजोबा नातवाच्या खांद्यावर हात ठेवून आले. तरुणपणी ते नोकरीसाठी या गाडीने सबलगढला जात असत. त्यांनी चष्मा पुसला, डबा तळहातावर घेतला, खिडक्या मोजल्या, आणि गंभीरपणे म्हणाले, “सगळं ठीक आहे. पण वरची माणसं कुठे आहेत?”

सर्व जण हसले. छोट्या लाइनच्या गाडीत आतल्याइतकीच माणसे छपरावर बसलेली असत, हे लष्करातील कोणत्याही वृद्धास ठाऊक आहे. हसणे ओसरल्यावर विद्यार्थ्यांत वाद जुंपला. एक पक्ष म्हणाला, छपरावर बसणे नियमाविरुद्ध आणि जिवाला धोक्याचे; शाळेच्या संचात ते दाखवू नये. दुसरा पक्ष म्हणाला, रिकाम्या छपराची गाडी सुंदर दिसेल, पण ती आपली गाडी नसेल. वाद आमच्याकडे आला. आम्ही एक दिवसाची मुदत मागून घेतली, कारण दोन्ही पक्षांचे म्हणणे आम्हांस पटत होते.

शेवटी असे ठरले, की पुठ्ठ्याची ४४ मि.मी. उंचीची माणसे, काही बसलेली, काही गाठोडे घेतलेली, वेगळ्या लिफाफ्यात द्यावीत आणि लिफाफ्यावर लिहावे: ‘गाडीत जागा अपुरी असल्यामुळे लोक असे प्रवास करीत. हा प्रवास धोक्याचा व नियमबाह्य होता.’ माणसे चिकटवावीत की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. आमच्या पाहण्यात अद्याप एकाही विद्यार्थ्याने तो लिफाफा न उघडता ठेवलेला नाही.

त्या दिवशी आजोबांनी आणखी एक गोष्ट केली. डबा हातात तसाच धरून त्यांनी स्थानकांची नावे म्हणावयास आरंभ केला: घोसीपुरा, मोतीझील, बामोर, सुमावली, जौरा, कैलारस... मध्ये एका नावापाशी ते अडखळले, मागे गेले, पुन्हा घोसीपुऱ्यापासून सुरुवात केली आणि त्या वेळी सबलगढपर्यंत न चुकता पोहोचले. नातू इतिहासाच्या वहीच्या मागच्या पानावर ती नावे उतरवून घेत होता. घरी इतकी वर्षे हा विषय निघाला नव्हता, असे त्या मुलाने आम्हांस नंतर सांगितले. ती यादी आता प्रत्येक संचातील कृतिपत्राच्या पाठीवर छापलेली असते.

मित्रहो, चांदीच्या गाडीला प्रासाद आहे. तिची काळजी घेणारी माणसे आहेत. आपल्या छोट्या लाइनचा डबा मात्र जेथे कोणी तो मोजील, कापील आणि जोडील तेथेच उभा राहील. तुमच्या घरी जुने छायाचित्र असेल तर ते शोधा. त्यातील माणसांबरोबर त्यांच्या पाठीमागचा डबाही पाहा. आणि ज्यांनी त्यातून प्रवास केला ते घरात असतील, तर मोजपट्टी काढण्यापूर्वी प्रथम त्यांच्यापाशी जाऊन बसा.

स्वाध्याय

१. मीटरगेज मार्गाच्या रुळांमधील अंतर १००० मि.मी. असते. १ : ८७ या प्रमाणात ते किती होईल? तयार मिळणाऱ्या १६.५ मि.मी.च्या रुळांवर मीटरगेजची प्रतिकृती चालवावयाची असल्यास प्रमाण कोणते घ्यावे लागेल?

२. डब्याची बाहेरची रुंदी ५२ मि.मी. व पुठ्ठ्याची जाडी २ मि.मी. आहे. टोके बाजूंच्या मध्ये बसत असतील तर त्यांची रुंदी किती कापावी? उलट, बाजू टोकांच्या मध्ये बसविल्या तर टोकांची रुंदी किती?

३. एकदाच होणारा खर्च १,५०० रुपये व प्रत्येक संचामागचा खर्च ८० रुपये असल्यास, ३० संचांच्या वेळी एक संच कितीला पडेल? १०५ रुपयांना एक संच पडावा म्हणून किती संच करावे लागतील?

४. तुम्हांस उत्तम येणारी एक कृती, उदाहरणार्थ कंदील करणे किंवा वहीला पुठ्ठा घालणे, दहा वाक्यांत लिहा. ती कृती ज्यास येत नाही अशा मित्रास ते कागद द्या आणि तो काम करीत असता शेजारी अगदी गप्प बसा. नंतर तुमची दहा वाक्ये पुन्हा लिहा.